बुधाजीचा उजवा पाय

निवृत्त झाल्यापासून माझ्या ओसरीवर अधूनमधून कोणी ना कोणी तरुण येऊन बसतो. आधी पिशवीतून पेढ्याचा पुडा निघतो आणि मग प्रश्न निघतो, "मास्तर, ड्रेसरच्या परीक्षेत पास व्हाले काय लागते?" पुडा मी ठेवून घेतो, परत केला तर त्याला अपशकुन वाटेल म्हणून. उत्तरादाखल काहीबाही सांगतो. रोज पट्टी बांध, हाडांची नावं पाठ कर, नखं काप, परीक्षकासमोर कान खाजवू नकोस. पोरगा समाधानानं मान हलवून जातो आणि मी पेढा खात विचार करत बसतो की आपण याला जे सांगितलं त्यावर आपला स्वतःचा विश्वास आहे का. खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. बालाघाटच्या आमच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून लागलो आणि ड्रेसरच्या वर्गाचा मास्तर म्हणून बाहेर पडलो. पण कोण पास होईल आणि कोण नापास, हा माझा अंदाज पहिल्या वर्षी जितका चुकला तितकाच शेवटच्या वर्षीही चुकला.

ज्यांना दवाखान्याशी कधी काम पडलं नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगतो. डॉक्टर तपासतो, कंपाउंडर औषध देतो, आणि जखम धुणं, पू काढणं, पट्टी बांधणं, मोडलेल्या हाताला फळी लावणं हे ड्रेसर करतो. शहरात त्याला कोणी विचारत नाही. खेड्यातल्या दवाखान्यात आणि मँगनीजच्या खाणीवर मात्र पुष्कळदा तोच पहिला डॉक्टर असतो, आणि गाडी मिळाली नाही तर शेवटचाही. आमच्या वर्गाला लालबर्रा, खैरलांजी, उकवा अशा सगळ्या बाजूंनी पोरं येत. वर्षभर शिकायचं आणि शेवटी बाहेरून येणाऱ्या परीक्षकापुढे उभं राहायचं.

हा परीक्षक पूर्वी नागपूरहून येई आणि मराठीत विचारी. राज्य नवं झालं, नागपूर पलीकडे महाराष्ट्रात गेलं, आम्ही अलीकडे मध्य प्रदेशात राहिलो. परीक्षक दुसऱ्या दिशेनं येऊ लागला आणि हिंदीत विचारू लागला. पुस्तक इंग्रजी, शिकवणारा मराठी, विचारणारा हिंदी. एकाच हाडाला तीन नावं झाली. उकव्याच्या एका पोराला विचारलं, "साँप काटे तो सबसे पहले क्या करोगे?" तो म्हणाला, "पहले साँप को देखेंगे साब, गया का नहीं." परीक्षक पोट धरून हसला आणि पोरगा पास. त्याच दिवशी माझा सगळ्यात अभ्यासू विद्यार्थी, मॅट्रिक झालेला, सापाच्या चार जाती सांगून नापास झाला, कारण तो सांगत बसला आणि तेवढ्यात रोगी मेला असता. परीक्षकाचं म्हणणं चूक नव्हतं. पण मग साप गेला की नाही हे बघणारा तरी रोग्याजवळ कधी पोचला असता, हे मला अजून कळलेलं नाही.

तोंडीनंतर हातची परीक्षा. तीत बांधायची तीन कामं असत, एक डोक्याचं, एक हाताचं, एक पायाचं. तिन्हींत पास व्हावं लागे. यासाठी एक रोगी लागतो. खऱ्या रोग्याचा मोडका पाय पोरांनी ओळीनं बांधायचा म्हटलं तर तो खाटेवरून उठून पोलिसात जाईल. म्हणून धडधाकट माणसाला झोपवतात. आमच्याकडे हे काम वर्षानुवर्षं बुधाजीनं केलं.

बुधाजी आमचा वॉर्डबॉय. खैरलांजीकडच्या एका खेड्यातला, किरकोळ, मिशा मोठ्या. एरवी बादल्या उचलणारा हा माणूस परीक्षेच्या दिवशी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून येई आणि मला विचारी, "मास्तर, आज कोणता पाय मोडला आहे जी?" उजवा म्हटलं की तिथून पुढे दिवसभर तो उजवा पाय टेकवत नसे. टेबलावर असा कण्हे की नवीन पोरं घाबरत. परीक्षा संपल्यावर चहाला जातानाही तो लंगडतच जाई आणि चहावाला विचारी, "काय झालं बुधाजी?" त्यावर हा म्हणे, "परीक्षा झाली."

आता हेमराज. तोही खैरलांजीच्या बाजूचाच, धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. शेती थोरल्या भावावर सोडून दवाखान्यात कच्च्या नोकरीवर लागला होता. असा हात मी पाहिला नाही. जखमेवरची चिकटलेली पट्टी तो अशी सोडवी की रोगी बोलता बोलता थांबत नसे. वर्गात पोरं एकमेकांना बांधून सराव करत, तेव्हा सगळ्यांना हेमराजकडून बांधून घ्यायचं असे. लालबर्ऱ्याच्या राइस मिलच्या मुनीमजींनी आपली मुलगी त्याला देऊ केली होती, पण एका अटीवर. आधी सर्टिफिकेट, मग हळद.

हा हेमराज नापास झाला. मी चकित झालो. पुढच्या वर्षी पुन्हा नापास. दोन्ही वेळा डोकं उत्तम, हात उत्तम आणि पायात शून्य. परीक्षेच्या खोलीत मास्तरांना मज्जाव असे, आम्ही बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत असू, त्यामुळे आत काय झालं ते मला दिसलं नाही. परीक्षक एवढंच म्हणाला, "लड़का अच्छा है, पर पैर पर आते ही हाथ काँपता है. मरीज़ टाँग हिला देता है और ये देखता रहता है." मोडलेला पाय हलू द्यायचा नाही, हा तर आमचा पहिला धडा. हेमराजला विचारलं तर तो जमिनीकडे बघे. "होऊन गेलं मास्तर," एवढंच बोले.

परीक्षा तीनदाच देता येई. तिसऱ्यांदा चुकलं की नाव कटलं, नोकरी गेली आणि मुनीमजींकडे तर त्या मुलीसाठी गोंदियाचं एक स्थळ येऊन बसलंच होतं. मी जिद्दीला पेटलो. हात कापतो म्हणून त्याला रोज डोळे बांधून पट्टी बांधायला लावली. हिंदीची भीती असेल म्हणून पोस्टातल्या तिवारीजींकडे गप्पा मारायला धाडलं. तो तिकडून तुलसीदासाची चौपाई शिकून आला, जिचा घोट्याच्या हाडाशी काही संबंध नव्हता. माझ्या बायकोनं निदान केलं की त्याला दृष्ट लागली आहे, आणि मीठ-मिरच्या ओवाळल्या. मी तिला हसलो नाही. माझ्याकडे याहून बरं निदान नव्हतं.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सकाळी दवाखान्यात शिरलो तर मागच्या अंगणात, जिथे पट्ट्या उकळतात तिथे, एक विचित्र दृश्य दिसलं. बुधाजी, हेमराजच्या बापाच्या वयाचा माणूस, वाकून हेमराजच्या पाया पडत होता. हेमराज ओशाळून उभा. मला पाहताच दोघंही बाजूला झाले.

माझं डोकं भणाणलं. क्षणात सगळं जुळलं असं वाटलं. पाय हलवतो कोण? रोगी. रोगी कोण? बुधाजी. म्हणजे हाच मुद्दाम पाय हलवून पोराला पाडतो आणि आता मन खातंय म्हणून माफी मागतोय. गोंदियाच्या स्थळवाल्यांनी याला फितवलं असेल इथपर्यंत माझी मजल गेली. मी बुधाजीला औषधांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"बुधाजी, खरं सांग. पोराच्या परीक्षेत पाय तू ओढतोस?"

"हौ."

इतक्या सरळ उत्तराची मला अपेक्षा नव्हती. "काहून?"

"भाचा आहे ना जी."

मी नकळत मान हलवली. त्याला वाटलं, झालं, कळलं यांना. तो जायला निघाला. मी थांबवलं.

"भाचा आहे म्हणून त्याला नापास करतोस?"

"मी काहून नापास करीन? तो माह्या पायाले हात लावाले आला का पाय आपोआपच वर येते. भाच्यानं मामाच्या पायाले हात लावला तं मामाले कोणत्या नरकात जागा भेटन मास्तर? शंभर बामण जेवू घाला का एक भाचा जेवू घाला, बरोबरच. त्याच्या पाया आपण पडाचं. त्यानं आपल्या पडाचं नसते."

"तुझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा?"

"नाई जी. त्याची माय आमच्या गावची लेक आहे. गावच्या लेकीचं पोरगं म्हणजे साऱ्या गावाचा भाचा."

आमच्या घरी रीत उलटी. माझा भाचा दिवाळीला येतो, माझ्या पाया पडतो आणि मी त्याच्या हातावर पैसे ठेवतो. आयुष्य या मुलखात गेलं, पण माझ्या घराच्या उंबऱ्याबाहेर मामा-भाच्याचं नातं उलट्या बाजूनं चालतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हेमराजला बोलावलं आणि ओरडलोच, "दोन वर्षं गेली तुझी. बोलला काहून नाही?"

तो खरोखर गोंधळून म्हणाला, "तुमाले माहीत असन असं वाटलं. हे कोणाले माहीत नाई?"

आता उपाय सोपा होता, रोगी बदलायचा. दवाखान्यात माणसं काय कमी? पण खैरलांजीच्या बाजूचा नको, म्हणजे दोघं गळाले. स्वयंपाकी सोवळ्यातला, टेबलावर झोपायला तयार नाही. मी झोपलो असतो, पण मास्तर रोगी झाला तर कानात उत्तरं सांगेल, म्हणून चालत नाही. उरला चौकीदार. बैहरकडचा, दांडगा, कोणाचा मामा नाही की काका नाही. मी त्याला पायाचं सगळं समजावलं, त्यानं सगळं ऐकून घेतलं. एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही, कारण मी विचारली नव्हती. त्याला गुदगुल्या होत.

परीक्षक त्या वर्षी एक पंजाबी डॉक्टर होते. उंच, आवाज खणखणीत, घाईत. मागच्या वर्षीही तेच आले होते. पहिला नंबर हेमराजचाच. त्याचं डोकं झालं, हात झाला. व्हरांड्यात मी देवाचं नाव घेत होतो. इतक्यात आतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला, मग पुन्हा, आणि मग डॉक्टरांची हाक आली, "मास्टरजी, अंदर आइए!"

आत चौकीदार मांडीचं हाड मोडलेल्या अवस्थेत टेबलावर लोळत हसत होता. हेमराजनं घोट्याला बोट लावलं की तो पाय झाडी. "ये क्या तमाशा है? पिछले साल वाला मूँछवाला कहाँ है? उसे बुलाइए. बाकी लड़कों के सामने वो ठीक से लेटता था."

मी जमेल तितक्या हिंदीत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मास्टरजी, मामा-भांजा घर में. यहाँ मरीज़ है और ड्रेसर है. कल खदान में इसके मामा की टाँग टूटी तो ये क्या करेगा? दूसरा ड्रेसर ढूँढेगा?"

माणूस बरोबर बोलत होता. बुधाजीही बरोबर होता. दोघं बरोबर आणि मधल्या मधे पोरगं बुडत होतं. मी बुधाजीला बोलवायला माणूस धाडला.

बुधाजी आला. त्याला कोणीतरी वाटेत सांगितलं असावं, कारण त्यानं मला कोणता पाय ते विचारलं नाही. त्या दिवशी त्यानं दाढी केली नव्हती, आज आपलं काम नाही असं समजून. खोलीत येऊन तो आधी हेमराजसमोर गेला. डॉक्टर बघत असताना त्यानं खाली बसून हेमराजच्या दोन्ही पावलांवर कपाळ टेकवलं, आणि तिथंच थोडा वेळ राहिला.

"मामा, नोको ना," हेमराज म्हणाला. "राहू द्या. मी घरी जातो. माह्यासाठी तुमाले पाप नोको."

"गप," बुधाजी उठत म्हणाला. "पाप माहं आहे, ते मी पाहीन. तू गाठ पाहा."

तो टेबलावर चढला, आडवा झाला आणि उजवा पाय पुढे केला. मग हाताची घडी डोळ्यांवर घेतली.

हेमराजनं पायाला हात लावला. बुधाजीचं सगळं अंग एकदा आखडलं, पण पाय जागचा हलला नाही. दोन गुडघ्यांमध्ये आणि दोन घोट्यांमध्ये कापडाची घडी घातली, बाहेरून फळी लावली, चांगला पाय मोडक्या पायाजवळ आणला आणि दोन्ही पावलं मिळून पट्टी बांधली. चांगल्या पायाच्या बाजूला गाठ, उजवं टोक डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर. शेवटी अंगठा दाबून रक्त फिरतंय का ते पाहिलं. हात कापला नाही. बुधाजीच्या कोपराखालून पाणी ओघळून कानात जात होतं.

"बहुत दर्द है?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"हौ साहेब," बुधाजी म्हणाला. "लै."

डॉक्टर खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "देखा? ऐसा मरीज़ चाहिए."

हेमराज पास झाला. लालबर्ऱ्याला हळद लागली. लग्नात बुधाजीनं परातीत हेमराजचे पाय धुतले, नवं धोतर दिलं आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. पाप त्यानं त्याच्या हिशेबानं फेडलं असावं. पण त्यानंतर तो परीक्षेला कधी झोपला नाही. मी आर्जवं केली, पण तो म्हणे, "नाई जी. तो पाय देऊन झाला." पुढच्या रोग्यांमध्ये एकालाही त्याच्यासारखं कण्हता आलं नाही आणि निकालही पूर्वीसारखेच लागत राहिले, कधी शहाणे नापास, कधी साप शोधणारे पास.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी पोरांना सांगितलीही असती. पण ती पुढे गेली आणि माझा गोंधळ वाढवून गेली.

बुधाजी माझ्या आधी निवृत्त झाला आणि बालाघाटातच मुलाकडे राहिला. त्याला साखरेचा आजार जडला. मी निवृत्त झालो त्या सुमारास एक दिवस तो मला स्टेशनावर दिसला, काठी टेकत, लंगडत. सवयीनं मी हसून विचारलं, "काय बुधाजी, परीक्षा झाली?" त्यानं धोतर वर केलं. उजव्या पावलाला घाण झालेली पट्टी होती आणि तिला वास येत होता.

"कुठे निघालास?"

"गोंदियाले. पट्टी बदलाले."

"अरे, हेमराज इथं आहे ना दवाखान्यात. जिल्ह्यात त्याच्यासारखा ड्रेसर नाही."

"म्हणून तं गोंदियाले जाऊन राह्यलो," तो म्हणाला. मी खुळ्यासारखा बघत राहिलो, तेव्हा त्यानं लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "ते त्याच्या पोटापाण्याचं होतं मास्तर. हे माहंच दुखणं आहे. आपल्या दुखण्यासाठी भाच्याले पायाशी बसवू का?"

मी त्याला हाताला धरून घरी आणलं. तेव्हापासून त्याची पट्टी माझ्या ओसरीवर होऊ लागली. हेमराजला हे कळलं. तो ड्यूटीआधी येई, चिमटे-कात्र्या उकळून देई, औषधाचं पाणी कोमट करून देई, पट्ट्या गुंडाळून माझ्या हाताशी ठेवी. मग पायरीवर पाठ करून बसे. जखमेबद्दल मला विचारी, बुधाजीला नाही. मी सांगितलेलं ऐकून पुढचं औषध ठरवी. माझे हात आता थरथरतात, आणि चार पावलांवर जिल्ह्यातला सगळ्यात चांगला हात रिकामा बसलेला असे. किती वेळा मनात आलं की ओरडावं, पण कोणावर ओरडावं ते ठरेना. जखम भरायला उन्हाळा उजाडला.

त्याआधी एकदा पट्टी बांधून झाल्यावर बुधाजी पायाकडे बघत राहिला. मी विचारलं, "घट्ट झाली?"

"नाई, बरी आहे," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, पायरीकडे एक डोळा ठेवून म्हणाला, "पण मास्तर, त्या दिवशी त्यानं बांधली होती ना, तशी नाई जमली तुमाले. तवा पाय दुखत नव्हता, तरी त्याचा हात लागला तं बरं वाटलं होतं."

पायरीवर पट्टी गुंडाळत असलेल्या हेमराजच्या हातून गुंडाळी निसटली आणि अंगणात उलगडत गेली. तो उठला, ती झटकून घेतली आणि आमच्याकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून गुंडाळू लागला.